चौथा रिसीव्हर जेतेपद मिळवून देतो का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये 2024 च्या हंगामात बफलो बिल्स या संघाकडे एकही बिनीचा वाइड रिसीव्हर (पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा) नव्हता, तरी त्यांनी 17 पैकी 13 सामने जिंकले. मग जानेवारीत कॅन्सस सिटी चीफ्सकडून 32-29 असे हरले आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, हुकला. तर जेतेपदाचं खरं दावेदार व्हायला रिसीव्हरची फळी आणखी भक्कम लागते का? आणि लागत असेल, तर सरळ दोन-चार चांगले रिसीव्हर का घेऊन टाकत नाहीत? पुण्यात बसून सोमवारी पहाटे पाचला गजर लावायचा आणि सामना असा संपायचा, हा वैताग मला कळतो.

माझं म्हणणं किती धरायचं हे तुम्हाला ठरवता यावं म्हणून आधी एवढं सांगतो. मी ओहायोतल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावर तिथल्या फुटबॉल संघाच्या रिसीव्हरना शिकवतो. एनएफएलच्या कुठल्याही संघाच्या बैठकीत मी कधी बसलेलो नाही. पण रिसीव्हरची फळी कशी बांधतात, ती कुठे तुटते आणि तुटली की क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, काय गत होते, हे मी हंगामात दर शुक्रवारी रात्री मैदानाच्या कडेला उभा राहून बघतो. तत्त्वं तीच आहेत, आमची मुलं जरा हळू धावतात इतकंच.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत. एक, संघाकडे एकट्याच्या जोरावर सुटणारा, म्हणजे समोरच्या कॉर्नरबॅकला, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या बचावपटूला, चकवून मोकळा होणारा रिसीव्हर आहे का? दुसरा, तो किंवा त्याच्या बाजूचा जायबंदी झाला तर पुढचा माणूस काम निभावेल का? खोली, म्हणजे ज्याला इथे ‘डेप्थ’ म्हणतात, ती फक्त दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे. बिल्सच्या बाबतीत सगळे बोलतात खोलीबद्दल. माझ्या मते त्यांची उणीव पहिल्या प्रश्नात होती.

खोली मोजायची कशी? लोक नावं मोजतात. पाच रिसीव्हर, सहा रिसीव्हर, त्यातले दोन ओळखीचे, म्हणजे फळी चांगली. मी असं मोजत नाही. मी बघतो की पहिला गडी बाहेर गेला तर प्लेबुकची, म्हणजे आखून ठेवलेल्या डावांच्या वहीची, किती पानं बंद होतात. तीन-चार डाव गेले तर ठीक. निम्मं प्लेबुक गेलं, तर तुमच्याकडे सहा नावं असून खोली शून्य.

हे नीट समजायला मैदानावर कोण कुठे उभं राहतं ते बघावं लागेल. आजकाल बहुतेक संघ तीन रिसीव्हर, एक टाइट एंड (रेषेच्या टोकाला राहून अडवणारा आणि झेलही घेणारा) आणि एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घेऊन खेळतात. तीन रिसीव्हरपैकी एक्स हा रेषेवर, म्हणजे चेंडू जिथून सुटतो त्या ओळीत, उभा असतो, बहुधा एकटा, कडेला. नियमानुसार रेषेवर सात जण लागतात, म्हणून त्याला मागे सरकता येत नाही. कॉर्नरबॅक त्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो आणि चेंडू निघताच छातीवर हात मारतो. झेड एक पाऊल मागे असतो, त्यामुळे त्याला डाव सुरू व्हायच्या आधी इकडून तिकडे पळवता येतं आणि सुरुवातीची धक्काबुक्की चुकते. तिसरा स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला. त्याला दोन्हीकडे वळायला जागा असते, पण लाइनबॅकर आणि सेफ्टी या आतल्या आणि मागच्या बचावपटूंच्या गर्दीतून वाट काढावी लागते.

ही तीन कामं वेगळी आहेत. स्लॉटवाल्याला एक्सच्या जागी उभं करणं म्हणजे क्रिकेटमध्ये सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाला नव्या चेंडूसमोर सलामीला पाठवणं. कधी जमूनही जातं, पण त्यावर हंगामाची भिस्त ठेवता येत नाही.

आणि नुसती जागा नाही, बाजूसुद्धा मोजावी लागते. उजव्या कडेला उभा राहणारा मुलगा सहसा आतला, म्हणजे डावा पाय पुढे ठेवतो. त्याला डाव्या कडेला पाठवा, पाय बदलतो. पहिलं पाऊल बदलतं, वळण घेताना कुठला पाय रोवायचा ते बदलतं, चेंडू कुठल्या खांद्यावरून येणार ते बदलतं. वर्षभर एकाच बाजूला खेळलेला मुलगा दुसऱ्या बाजूला गेला की पहिल्या पावलाला अडखळतो. बघणाऱ्याला ते दिसतही नाही, पण क्वार्टरबॅकने चेंडू रिसीव्हर वळायच्या आधीच सोडलेला असतो. रिसीव्हर तिथे निमिषभर उशिरा पोचला तर चेंडू कॉर्नरबॅकच्या हातात. म्हणून आमच्याकडे चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या मुलांना मी जून-जुलैपासून दोन्ही बाजूंनी आणि निदान दोन जागांवर खेळवतो. मुलं कुरकुरतात. पहिल्या तिघांना ते करावं लागत नाही, त्यांना एकच जागा चोख येऊ द्या. राखीव गड्याची गंमत ही की तो कमी खेळतो, पण त्याला यावं लागतं जास्त.

आता तुमचा ‘आणखी दोन-चार का घेत नाहीत’ हा मुद्दा. एनएफएलमध्ये मुख्य संघात 53 खेळाडू असतात आणि सामन्याच्या दिवशी फार तर 48 जण गणवेश घालतात. त्यात रिसीव्हर पाच, क्वचित सहा. चौथा आणि पाचवा रिसीव्हर प्रत्येक सामन्यात मोजके डाव खेळतो, त्यामुळे त्याला पंट आणि किकऑफच्या, म्हणजे चेंडू लाथेने समोरच्याकडे मारायच्या, वेळी धावावंच लागतं. भल्या मोठ्या पगाराचा, नावाजलेला माणूस तुम्ही चौथा म्हणून आणलात तर तो पंट अडवायला जाणार नाही. मग ते काम करायला आणखी एक माणूस लागतो आणि एक जागा वाया जाते. त्यावर सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा. 2025 साठी ती 279.2 दशलक्ष डॉलर होती. सिनसिनाटी बेंगल्सने त्या वर्षी मार्चमध्ये आपल्या दोन रिसीव्हरना, जमार चेसला चार वर्षांचे 161 दशलक्ष आणि टी हिगिन्सला चार वर्षांचे 115 दशलक्ष दिले. दोघांना असं सांभाळलं की तिसरा, चौथा, पाचवा हे स्वस्तातच शोधावे लागतात.

बेंगल्सचं नाव निघालंच आहे तर त्यांचंच 2024 बघा. चेसने 127 झेल, 1,708 यार्ड आणि 17 टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) केले, तिन्हीत लीगमध्ये पहिला. क्वार्टरबॅक जो बरोनेही यार्ड आणि टचडाउन दोन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक काढला. संघ 9-8, प्लेऑफमध्येसुद्धा, म्हणजे बाद फेरीतही, नाही, कारण बचाव फळी गुण थांबवू शकत नव्हती. रिसीव्हर हा शेवटी चेंडूच्या प्रवासातला शेवटचा माणूस आहे. त्याच्या आधी पाच जणांनी रेषेवर उभं राहून क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद द्यावे लागतात, आणि समोरच्या संघाचा चेंडू आपल्या बचावाने अडवावा लागतो. हे दोन्ही नसेल तर रिसीव्हरच्या खोलीवर घातलेला पैसा म्हणजे हौस.

याचा सगळ्यात बोलका पुरावा माझ्या मते न्यू इंग्लंड पेट्रियट्सची 2006 आणि 2007 ही दोन वर्षं. 2006 मध्ये डेव्हिड गिव्हन्स दुसरीकडे गेला, डिऑन ब्रँचला त्यांनी सप्टेंबरात सिअ‍ॅटलला देऊन टाकलं, आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हाताशी उरले रेशे काल्डवेल आणि जबार गॅफ्नीसारखे रिसीव्हर. तरीही ते एएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तिथे इंडियानापोलिसविरुद्ध मोठी आघाडी घेऊन 38-34 असे हरले, आणि त्यात काल्डवेल आसपास कुणीही नसताना चेंडू सोडून बसला. पुढच्या वर्षी रँडी मॉस आणि वेस वेल्कर आले. ब्रेडीचे 50 टचडाउन, त्यातले 23 मॉसचे, 16-0 असा नियमित हंगाम. इतकी श्रीमंत फळी त्या काळात क्वचितच कुणी पाहिली असेल. आणि सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बचावाने ब्रेडीला पाच वेळा पाडलं, सामना 17-14 असा गेला. मॉस मोकळा झाला तरी त्याच्याकडे चेंडू फेकायला वेळ हवा ना.

म्हणजे खोली बिनकामाची, असं मी म्हणतोय का? नाही. खोलीचं काम वेगळं आहे. ती वाईट दिवशी सामना हातचा जाऊ देत नाही. जानेवारी 2023 मधला चीफ्स विरुद्ध बेंगल्स हा एएफसीचा अंतिम सामना मिळाला तर परत बघा. चीफ्सने त्याआधीच्या मार्चमध्ये रिसीव्हर टायरीक हिलला मायामीला पाठवून पाच ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) घेतले होते, आणि सगळीकडे बोललं जात होतं की आता क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचं कसं होणार. त्या सामन्यात कडारियस टोनी, जूजू स्मिथ-शूस्टर आणि मिकोल हार्डमन हे तिघंही दुखापतीने बाहेर गेले. महोम्स स्वतः दुखऱ्या घोट्यावर खेळत होता. उरला मार्केझ व्हाल्डेझ-स्कँटलिंग, ज्याच्या हातून चेंडू सुटतात म्हणून चाहते वर्षभर बोटं मोडत होते. त्याने सहा झेल घेतले, 116 यार्ड आणि एक टचडाउन. चीफ्स 23-20 असे जिंकले आणि दोन आठवड्यांनी सुपर बोलही.

या सामन्यात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की व्हाल्डेझ-स्कँटलिंगचं काम बदललं नाही. तो उंच आहे, वेगवान आहे, खोलवर धावतो. त्याला तेच करायला लावलं, फक्त जास्त वेळा. छोटे झेल ट्रॅव्हिस केल्सीने, म्हणजे टाइट एंडने घेतले. चीफ्सची खोली रिसीव्हरच्या यादीत नव्हती, ती केल्सीमध्ये आणि प्रशिक्षक अँडी रीडच्या डावपेचांत होती. दोन आठवड्यांनंतरच्या त्या सुपर बोलमध्ये टोनी आणि स्काय मूर यांचे टचडाउन आठवा. दोघंही आत पळाल्यासारखं करून अचानक बाहेर वळले आणि ईगल्सचा एकही माणूस त्यांच्या जवळ नव्हता. त्या दोन डावांत रिसीव्हर कोण होता याला फारसा अर्थच नव्हता. असा प्रशिक्षक असेल तर तिसऱ्या-चौथ्या गड्याकडून थोडं कमी चालतं. म्हणूनच मी ‘संघानुसार’ म्हणतो तेव्हा ती पळवाट नसते. टाइट एंड कोण, डाव आखणारा कोण आणि क्वार्टरबॅक डाव मोडल्यावर काय करतो, यावर तुम्हाला किती खोली लागेल ते ठरतं.

उलट उदाहरण 2024 च्या फिलाडेल्फिया ईगल्सचं. ए. जे. ब्राउन आणि डिव्हाँटा स्मिथ हे दोन अव्वल, आणि त्यांच्यामागे जवळपास काहीच नाही. तिसरा रिसीव्हर जहान डॉट्सन, ज्याने नियमित हंगामात जेमतेम 216 यार्ड काढले. सप्टेंबरच्या शेवटी टँपा बेविरुद्ध ब्राउन आणि स्मिथ दोघंही बाहेर, रेषेतला उजवा टॅकल लेन जॉन्सनही बाहेर, आणि ईगल्स 33-16 असे आपटले. खोली नसण्याचा भुर्दंड तो हाच. पण तो सप्टेंबरात भरावा लागला, जानेवारीत नाही. पुढे दोघं परतले, सॅक्वॉन बार्कलीने धावून 2,005 यार्ड काढले, आणि फेब्रुवारीत त्यांनी चीफ्सला 40-22 असं धुतलं. म्हणजे त्या वर्षीच्या विजेत्याकडे खोली नव्हती. त्यांच्याकडे दोन सुटणारे रिसीव्हर आणि लीगमधली सर्वोत्तम म्हणावी अशी रेषा (क्वार्टरबॅकला राखणारे ते पाच जण) होती, आणि नशिबाने ऐन वेळी दोघंही धडधाकट होते. त्या रात्री चीफ्सचा रिसीव्हर झेव्हियर वर्दीने आठ झेल, 157 यार्ड आणि दोन टचडाउन केले होते, हेही लक्षात असू द्या. महोम्सला सहा वेळा पाडलं गेलं तिथे वर्दी काय करणार?

आता बिल्स. 2024 च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्टेफॉन डिग्जला ह्यूस्टनला दिलं, गेब डेव्हिस जॅक्सनव्हिलला गेला. उरलेल्यांत सर्वाधिक यार्ड खलील शकीरचे, 821. तरी संघाने सामन्याला सरासरी तीसहून अधिक गुण केले आणि क्वार्टरबॅक जोश अ‍ॅलन एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. सगळ्यांना थोडं थोडं, हे त्यांचं तेव्हाचं घोषवाक्यच होतं. हे चाललं कशामुळे? रेषेमुळे. अख्ख्या हंगामात अ‍ॅलनला फक्त 14 वेळा पाडलं गेलं. इतका वेळ मिळाला की सामान्य रिसीव्हरही कधी ना कधी मोकळा होतो, आणि नाही झाला तर अ‍ॅलन स्वतः पळतो. जेम्स कुकने धावून 16 टचडाउन केले. म्हणजे खोलीच्या हिशेबात बिल्स गरीब नव्हते. शकीर स्लॉटमध्ये चोख, मॅक हॉलिन्स पंटवर धावणारा आणि मन लावून ब्लॉक करणारा, म्हणजे समोरच्याला अडवणारा, कर्टिस सॅम्युअल, नवखा कीऑन कोलमन, वर डाल्टन किनकेड आणि डॉसन नॉक्स हे दोन टाइट एंड. एखादा बाहेर गेला तर प्लेबुकची फार पानं बंद होत नव्हती.

पण यातला एक्स कोण होता? थर्ड डाऊनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, आठ यार्ड हवेत, समोरच्याने प्रत्येकावर एकेक माणूस लावलाय, रेषा तीन सेकंद टिकेल. अशा वेळी कडेला एकटा उभा राहून कॉर्नरबॅकला चकवणारा कोण? कोलमन धिप्पाड आहे, अंगावर माणूस असताना उंच उडून चेंडू काढतो, पण पहिल्या दोन पावलांत सुटणं हा त्याचा गुण नव्हे. शकीरला कडेला लावलं तर त्याचं बलस्थानच जातं. ऑक्टोबरात त्यांनी क्लीव्हलंडकडून अमारी कूपरला आणलं ते नेमकं याच कामासाठी. रूट, म्हणजे आखून दिलेल्या वाटा, धावण्यात तो वर्षानुवर्षं नावाजलेला. पण तो तिशीचा होता, मध्येच मनगट दुखावलं, आणि नव्या क्वार्टरबॅकशी ताळमेळ काही आठवड्यांत बसत नाही. रूटचं नाव पाठ करायला दोन दिवस पुरतात. समोर झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, दिसला तर आपण थांबायचं की धावत राहायचं, आणि आपला क्वार्टरबॅक त्या क्षणी आपल्याकडून काय धरून चाललाय, हे सरावातूनच येतं. हंगामाच्या मध्यावर केलेल्या खरेदीबद्दल मी म्हणूनच साशंक असतो. तिने भगदाड बुजतं, पण पहिला रिसीव्हर क्वचितच मिळतो.

त्यात एक चिडवणारा योगायोग आहे, तुम्हाला ठाऊक असेलच. 2024 च्या ड्राफ्टमध्ये 28 वा क्रमांक बिल्सकडे होता. तो त्यांनी चीफ्सला दिला, चीफ्सने त्यावर वर्दीला उचललं, आणि बिल्सने 33 व्या क्रमांकावर कोलमनला. जानेवारीतल्या त्या 32-29 च्या सामन्यात वर्दीने बिल्सविरुद्ध सहा झेल घेऊन 85 यार्ड आणि एक टचडाउन केला.

तरीसुद्धा तो सामना रिसीव्हरमुळे हरले असं मी म्हणणार नाही. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला फक्त एक यार्ड हवा होता तेव्हा अ‍ॅलनला चीफ्सच्या रेषेने थोपवलं. आणि शेवटच्या मिनिटांत फोर्थ डाऊनला पाच यार्ड हवे असताना चीफ्सचा बचावपटू ट्रेंट मॅकडफी स्लॉटकडून मोकळा धावत आला, कुणी अडवलाच नाही. अ‍ॅलनने मागे पडत, आंधळा म्हणावा असा चेंडू उचलून फेकला, तो किनकेडच्या हातापर्यंत आला आणि निसटला. त्या डावात कुठलाही महागडा रिसीव्हर असता तरी अ‍ॅलनकडे वेळ तितकाच होता. गंमत म्हणजे हा मॅकडफी चीफ्सला मिळाला तो हिलला सोडून जमवलेल्या पिकांतूनच.

एवढं सगळं धरून, मी बिल्सच्या जागी असतो तर पैसे या क्रमाने घातले असते: आधी रेषा टिकवणं, मग बचाव फळीत महोम्सला पाडू शकेल असा माणूस, मग एक खरा एक्स, शक्य तर ड्राफ्टमधून, म्हणजे पहिली चार वर्षं तो स्वस्तात पडतो. खोली सगळ्यात शेवटी, आणि तीही बाजारातून नव्हे, सरावातून. वयस्क क्वार्टरबॅक असलेल्या किंवा रेषा कच्ची असलेल्या संघाला मी वेगळा क्रम सांगेन. तिथे चेंडू झटपट सोडावा लागतो, म्हणून स्लॉटमधला भरवशाचा माणूस एक्सच्या आधी येतो. आणि बफलोत डिसेंबर-जानेवारीत वारा असा सुटतो की लांब फेकींवर बेतलेली फळी निम्मे दिवस निरुपयोगी ठरते. तिथे ब्लॉक करणारे, अंगापिंडाने दणकट रिसीव्हर जास्त कामाचे.

मार्च 2025 मध्ये बिल्सने लॉस एंजेलिस चार्जर्सकडून जोशुआ पामरला घेतलं. त्याच सुमारास मॅक हॉलिन्स न्यू इंग्लंडला गेला, आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. तुम्ही खोलीबद्दल विचारताय म्हणून सांगतो, मला पामरच्या येण्यापेक्षा हॉलिन्सचं जाणं जास्त टोचलं. पंटवर धावणारा, धावत्या डावात सेफ्टीला उताणं पाडणारा आणि सामन्यात दोनदाच चेंडू आला तरी तोंड वाकडं न करणारा चौथा रिसीव्हर नव्याने घडवायला निदान एक अख्खा हंगाम लागतो.